जाफन्याची सहल : गाडी उत्तम, माहिती अपुरी

दादरच्या एका सहल संस्थेने श्रीलंकेच्या नेहमीच्या कार्यक्रमाला कोलंबो ते जाफना हा रेल्वेप्रवास जोडला आहे आणि आम्ही ही सहल निवडली ती मुख्यतः त्यासाठीच. आरक्षण, निवास आणि जेवण यांबाबत तक्रारीला जागा नाही. तक्रार आहे ती, ज्या मार्गाची जाहिरात केली जाते त्याविषयी प्रवासात पाळलेल्या मौनाची.

श्रीलंकेचे सरकार आणि तमिळ बंडखोर (एलटीटीई) यांच्यातील यादवी युद्धामुळे १९९० मध्ये जाफन्याची रेल्वे बंद पडली. उत्तरेकडचे रूळ आणि स्लीपर उखडून बंकरांसाठी वापरले गेले. त्यामुळे २००९ मध्ये युद्ध संपले तेव्हा तेथे दुरुस्त करण्याजोगे फारसे काही उरलेच नव्हते. आधी भूसुरुंग काढायचे आणि मग भराव, पूल, रूळ, स्थानके, सिग्नल असे सारे नव्याने उभारायचे, अशा क्रमाने ते काम झाले. भारताने दिलेल्या कर्जातून, आपल्याच रेल्वे मंत्रालयाच्या अखत्यारीतील इरकॉन या कंपनीने वावुनियाच्या उत्तरेकडील ओमंतई या स्थानकापासून पुढचा मार्ग बांधला. गाडी २०१३ मध्ये किलिनोच्चीला, २०१४ च्या मार्चमध्ये पल्लईला, ऑक्टोबरमध्ये जाफन्याला आणि २०१५ च्या जानेवारीत उत्तर किनाऱ्यावरच्या कांकेसंतुराईला पोचली. संपूर्ण मार्ग तयार होईपर्यंत न थांबता जेवढा झाला तेवढा लोकांसाठी खुला करण्याचे हे धोरण मला फार शहाणपणाचे वाटते. (रुळांचे अंतर आपल्या लोकलइतकेच, १६७६ मिलिमीटर आहे, हेही कोणी सांगितले नाही.)

अनुराधापुराच्या स्तूपांवर मनसोक्त बोलणारे मार्गदर्शक ओमंतईनंतर गप्प झाले. २००० साली बंडखोरांनी जिंकलेली आणि २००९ च्या जानेवारीत लष्कराने परत मिळवलेली एलिफंट पासची चिंचोळी, खाऱ्या पाण्याने वेढलेली, जाफना द्वीपकल्पाला बाकीच्या बेटाशी जोडणारी पट्टी खिडकीबाहेरून सरकत होती, तेव्हा आमच्या डब्यात पुलावाची पाकिटे वाटली जात होती. एवढ्या मार्गावर एक पानी टिपणसुद्धा नसावे, हे जादा आकार घेणाऱ्या संस्थेला शोभत नाही.

तरीही सहल घेण्यासारखी आहे. गाडी वेळेवर सुटली, नव्या मार्गावर हादरे जवळपास जाणवले नाहीत आणि जाफन्यात किल्ला व नल्लूरचे मंदिर पाहायला पुरेसा वेळ मिळाला. नोंदणी करताना दिवसाचीच गाडी मिळेल असे संस्थेकडून लेखी घ्यावे. रात्रीच्या गाडीने गेल्यास ओमंतईपुढचे काहीच दिसणार नाही.