'चूझ'पुरतं तरी हे अॅप पैसे वसूल

शिकवताना हाताशी असावं म्हणून हे इंग्रजी शब्दकोशाचं अॅप घेतलं. 'चूझ' (choose, म्हणजे निवडणं) या क्रियापदाची नोंद उघडा, मेहनत दिसते. चूझ, चोझ, चोझन ही तिन्ही रूपं अगदी वर, ठळक. माझे विद्यार्थी लिहिताना एक 'ओ' गाळतात आणि आजचं वाक्य थेट भूतकाळात जाऊन पडतं. त्यासाठी वेगळी चौकट दिलीय, हे फार बरं केलं. दोघांतून एक निवडायचा तर 'बिटवीन', बऱ्याच जणांतून तर 'फ्रॉम'. आणि 'शी चोझ टू स्टे' म्हणजे राहायचं तिने स्वतः ठरवलं, कुणी भाग पाडलं नाही. ही छटा उदाहरणांतून नेमकी उतरते.

'पिक' आणि 'सिलेक्ट'शी तुलना मात्र उरकून टाकलीय. एक बोलण्यातला, दुसरा औपचारिक, एवढं सांगून मोकळे! 'ऑप्ट'पुढे थेट नाम चालत नाही, 'फॉर' लागतं, याचा तर पत्ताच नाही. (परीक्षेत नेमकं हेच विचारतात.) उच्चार स्वच्छ, शेवटचा 'झ' नीट ऐकू येतो. चार तारे; 'ऑप्ट'ची नोंद सुधारली की पाचवा देईन.