अजिंठ्याला गाईड घ्यावा का? आमचा चार तासांचा अनुभव

मी जळगावात इतिहास शिकवते. "गाईड बंद करा, धडा उघडा," हे वाक्य मी वर्गात किती वेळा म्हटलं असेल याची गणती नाही. आमच्याकडे मुलांच्या तोंडी गाईड म्हणजे एकच, उत्तरांचं जाडजूड पुस्तक. प्रश्न पडायच्या आत उत्तर हातात ठेवणारं. त्यामुळे या शब्दाविषयी माझ्या मनात आधीपासूनच अढी होती. सहा वर्षांपूर्वी एका सहलीच्या बसबरोबर अजिंठ्याला गेले, तेव्हा ती अढी पक्की झाली. त्या बसबरोबर आलेल्या माणसाने आम्हाला दीड तासात सगळी लेणी 'करून' दिली. प्रत्येक दारात उभं राहून नंबर, शतक, 'फोटो काढा, चला पुढे'. घरी आल्यावर मला एकही चित्र धड आठवेना.

म्हणून या डिसेंबरात नानांना घेऊन गेले तेव्हा गाईड घ्यायचा नाही असंच ठरवलं होतं. नाना म्हणजे माझे वडील, वय ८१. काचबिंदूने उजवा डोळा गेला, डाव्याला समोरचं तेवढं दिसतं, तेही पुसट. जळगावपासून अजिंठा ६० किलोमीटरवर, पण दुकानाच्या रगाड्यात त्यांचं कधी जाणं झालं नाही. "आता काय दिसणार मला," असं म्हणत म्हणतच ते गाडीत बसले.

फर्दापूरच्या तिठ्यावर खासगी गाड्या थांबवतात. तिथून लेण्यांपर्यंतचे चार किलोमीटर बसने जावं लागतं. वर चढायला पायऱ्या आहेत, म्हणून नानांसाठी डोली ठरवली. खुर्चीला दोन दांडे आणि खांद्यावर घेणारे चौघं. डोलीचं बोलणं चाललं असतानाच पर्यटन मंत्रालयाचं ओळखपत्र गळ्यात घातलेला पन्नाशीचा एक माणूस जवळ आला. दर सांगण्याआधी त्याने नानांना विचारलं, "बाबा, कोणत्या डोळ्याने दिसतं?" मी तिथेच हो म्हटलं.

पैशांचं आधी सांगते, कारण सगळे तेच विचारतात. दर माणसांच्या संख्येवर आणि अर्धा दिवस की पूर्ण दिवस यावर ठरतो. तो आधीच विचारून घ्यावा. आमच्याकडून ठरल्यापेक्षा एक रुपयाही जास्त मागितला नाही. उतरताना कोणत्याही दुकानात नेलं नाही, हेही मुद्दाम लिहिते. मराठीत सांगणारा हवा असेल तर सुरुवातीलाच तसं म्हणा.

त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे एक नंबरचं लेणं सोडून आम्हाला थेट दहाकडे नेलं. सकाळी सगळी गर्दी एक नंबरवर असते हे एक कारण. दुसरं मला जास्त पटलं. लेण्यांचे नंबर नदीच्या वळणावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीने दिलेत, काळाप्रमाणे नाहीत. नऊ आणि दहा ही सर्वांत जुन्यांपैकी, सातवाहनांच्या काळातली, इसवी सनाच्या आधीची. एक, दोन, सोळा, सतरा ही वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकातली. नंबराने चालत गेलं तर आधी नातू भेटतो आणि मग आजोबा. ही उपमा त्याचीच, आणि मी ती वर्गात वापरणार आहे.

दहा नंबरच्या दारातून आत गेल्यावर त्याने आम्हाला डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. "उन्हातून आलात, डोळ्यांना जरा अंधाराची सवय होऊ द्या." दोनेक मिनिटं आम्ही तसेच उभे होतो. टॉर्च त्याने दिवसभरात एकदाही काढला नाही. डोळे उघडले तर कमानदार छत, दोन्ही बाजूंना अठपैलू खांबांच्या रांगा आणि टोकाला नुसता स्तूप. बुद्धाची मूर्ती नाही. नानांना खांब मोजता येत नव्हते, पण तो हळू आवाजात बोलायला लागला आणि शब्द वर जाऊन परत यायला लागले तसे नाना मान वर करून म्हणाले, "लई उंच आहे की रे भाऊ."

याच लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने स्वतःचं नाव आणि एप्रिल १८१९ ही तारीख कोरून ठेवली आहे, तीही चित्रावरच. आज ते नाव डोक्याच्या बरंच वर दिसतं, कारण तेव्हा लेण्यात माणूसभर माती-दगड साचले होते आणि स्मिथ त्यांच्यावर उभा होता. ही माहिती माझ्याकडच्या पुस्तिकेतही आहे. पण तिथे उभं राहून आमच्या गाईडने पुढचं सांगितलं. वाघाच्या शिकारीला आलेल्या त्या साहेबाला इथवर आणलं ते इथल्याच एका गुराख्याच्या पोराने, अशी इकडची परंपरा. नानांनी लगेच विचारलं, "त्या पोराचं नाव काय?"

"ते कुणी लिहून ठेवलं नाही, बाबा."

नाना बराच वेळ त्या खांबाकडे बघत राहिले. त्यांना ती अक्षरं दिसत नव्हती हे मला ठाऊक होतं.

सोळा नंबरमध्ये वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. तो बाहेरच्या बाजूला असल्यामुळे बहुतेक लोक न बघताच आत जातात. आत 'मरणासन्न राजकन्या' म्हणून प्रसिद्ध असलेलं चित्र आहे. वीस वर्षं मी ते याच नावाने शिकवलं. गाईडने नाव सांगितलंच नाही. मला म्हणाला, "ताई, ही का कोसळली असेल?" मी चेहरा पाहत होते, कलंडलेली मान, गळून गेलेला हात. तो थांबला. मग म्हणाला, "तिच्याकडे नका बघू. मुकुट हातात घेऊन कोण उभा आहे ते बघा." आणि एकदम उलगडलं. ती बुद्धाचा सावत्रभाऊ नंद याची बायको सुंदरी. नवरा भिक्षू झाला आणि त्याचा उतरवलेला मुकुट घेऊन सेवक घरी आला आहे. उत्तर भिंतीवरच होतं, मला फक्त मान वळवायची होती. चांगला शिक्षक हेच करतो. म्हणून हा परिच्छेद मी माझ्या सहकाऱ्यांसाठीही लिहिते आहे.

सतरा नंबरमध्ये माणूस बरोबर नसेल तर तुम्ही हरवणारच. तिथल्या जातककथा, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टी, डावीकडून उजवीकडे ओळीने सांगितलेल्या नाहीत. चित्रकाराने प्रसंग ठिकाणाप्रमाणे मांडलेत. राजवाड्यातलं एका जागी, अरण्यातलं दुसऱ्या जागी, मग गोष्टीत ते आधी घडो की नंतर. विश्वंतर या दानशूर राजपुत्राचं जातक वाचायचं तर बोट धरून नेणारं कुणी लागतंच. नाना कापडाच्या दुकानात आयुष्य घालवलेले आहेत हे त्याने डोलीशेजारून चालताना बोलण्याबोलण्यात काढून घेतलं होतं. त्यामुळे विश्वंतर बायकामुलांना घेऊन रथातून राज्याबाहेर निघतो त्या प्रसंगापाशी त्याने नानांना नीट समोर उभं केलं. "बाबा, हा बाजार आहे. मागे दुकानं आहेत, दुकानात माणसं बसलीत. राजपुत्र चाललाय आणि बाजार चालूच आहे." नाना म्हणाले, "चालूच राहणार." मग बोकडदाढीचा, दात पडलेला जूजक ब्राह्मण, ज्याने विश्वंतराची मुलं दान मागून नेली, तो कुठे आहे, त्या मुलांच्या बदल्यात पैसे घेताना कसा हसतोय, हे त्याने नानांना इतकं बारकाईने सांगितलं की शेजारचं एक कुटुंब थांबून ऐकायला लागलं. त्यांनाही त्याने जागा करून दिली.

सव्वीस नंबरला महापरिनिर्वाणाची, म्हणजे देह ठेवणाऱ्या बुद्धाची आडवी मूर्ती आहे, जवळजवळ सात मीटर लांब. हात लावायला परवानगी नाही आणि नानांच्या नजरेत ती एकदम मावत नव्हती. तेव्हा त्याने नानांचा हात आपल्या हातात घेतला आणि उशीपासून पायांपर्यंत सावकाश चालवत नेलं. "ही उशी, डोक्याच्या भाराने दबलीय बघा. हा खांदा. इथून चिवराच्या चुण्या. खाली शिष्य रडतायत. हा पायाशी बसलेला शिष्य आनंद." नानांनी पावलं मोजली. चौदा. गावी आल्यावर ते प्रत्येकाला हेच सांगतात, "चौदा पावलं आहे बुद्ध."

परतताना एक नंबर. तोवर गर्दी जेवायला गेली होती. हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चित्रासमोर त्याने एवढंच सांगितलं, "खाली वळलेली नजर बघा," आणि बाजूला होऊन गप्प राहिला. सहा वर्षांपूर्वी याच जागी माझ्या कानात सतत आवाज होता.

उणिवाही सांगायला हव्यात. चित्रांना तो 'फ्रेस्को' म्हणत होता. फ्रेस्कोत चुना ओला असतानाच रंग भरतात. इथे गवत-तूस घातलेल्या मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन तो वाळल्यावर रंगवलंय. मी बाजूला घेऊन सांगितलं तर त्याने मान्य केलं. रंग बहुतेक खनिज आहेत, गेरू, काव, चुना, आणि निळा तर अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द दगडाचा, हे मात्र त्याने अचूक सांगितलं. बरेच जण 'पानाफुलांचे रंग' म्हणून मोकळे होतात. दुसरं, वाकाटक लेण्यांच्या तारखा त्याने अगदी वर्षावर नेमक्या सांगितल्या. त्यावर अभ्यासकांत अजून वाद आहे, तेवढं तरी म्हणायला हवं होतं. आणि २४ नंबर त्याने वगळलं, याची मला खरंच हळहळ वाटली. ते अर्धवट राहिलेलं प्रचंड लेणं आहे. वरून खाली कसं खोदत आणत हे तिथे उघड दिसतं. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी ते आवर्जून मागून घ्यावं.

पुस्तिका की माणूस, असंही विचारतात. पुरातत्त्व सर्वेक्षणाची छोटी पुस्तिका आदल्या रात्री वाचा. तिच्यातला नकाशा आणि मापं चोख आहेत, आणि माणूस चुकला तर तुम्हाला कळतं. पण लेण्यात ती पिशवीतच राहू द्या. त्या मंद उजेडात अक्षर दिसत नाही आणि छापील पान तुमच्या वडिलांना कोणत्या डोळ्याने दिसतं हे विचारत नाही. आमच्या आजीच्या बोलण्यात अशा माणसाला वाटाड्या म्हणायचे. डोंगर ओलांडताना पुढे चालणारा, मागच्याची पावलं ऐकत चालणारा. मला त्या दिवशी तोच शब्द आठवत राहिला.

सोमवारी लेणी बंद असतात. सकाळी दार उघडतं तेव्हाच पोचा, पाणी बरोबर घ्या, काढायला सोपी पादत्राणं घाला कारण चित्रांच्या लेण्यांत अनवाणी जावं लागतं. म्हातारी माणसं असतील तर डोलीचा जाण्यायेण्याचा दर दोन्ही मिळून ठरवा. दोन तासांत उरकायचं असेल तर गाईडवर पैसे घालू नका.

फेब्रुवारीत शाळेची बारा मुलं घेऊन जाते आहे. त्याच माणसाला फोन करून ठेवलाय, २४ नंबरचंही बोलून झालंय. नाना म्हणतात, मीही येतो, डोली नको, सतरापर्यंत हळूहळू चालेन.