जांघेसाठीचा छोटा ट्रिमर : आठ महिने वापरल्यावर

सोळा वर्षं मी ऑपरेशन थिएटरमध्ये स्टाफ नर्स आहे, सोलापुरात. ऑपरेशनच्या जागेचे केस काढायचं काम, ज्याला आम्ही 'पार्ट प्रेप' म्हणतो, पूर्वी सरसकट रेझरने चालायचं. आता क्लिपर आहे, म्हणजे ट्रिमरसारखंच केस कापायचं मशीन. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सांगितलंच, की ऑपरेशनआधी केस काढू नका, काढावेच लागले तर क्लिपरने काढा, रेझर नको. रेझरने कातडीवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात आणि जंतूंना तिथूनच वाट मिळते. नव्या मुलींना हे मी दर वेळी शिकवते. आणि घरी स्वतःसाठी मात्र गेली कित्येक वर्षं तोच डिस्पोजेबल रेझर वापरत होते.

गेल्या मे महिन्यात उजव्या जांघेत केसतोड झालं. आधी मुगाएवढी लाल पुळी, तिसऱ्या दिवशी बोराएवढी गाठ. बाहेर बेचाळीस डिग्री, आत आठ तास उभं राहायचं, अंगात पॉलिस्टरचा युनिफॉर्म. चालताना कापड घासलं की डोळ्यांत पाणी यायचं. थिएटरमध्ये कुणाला सांगितलं नाही. शेवटी आमच्या गायनॅक मॅडमना दाखवलं. त्यांनी औषध दिलं आणि एवढंच विचारलं, "सिस्टर, रेझर का?" मग जूनमध्ये हा ट्रिमर मागवला, ११९९ रुपयांना.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच बनावटीचे ट्रिमर बऱ्याच कंपन्यांचे मिळतात. घेताना काय बघायचं ते सांगते. पातं उघडं नको. त्याच्या पुढे बोथट दाते हवेत, म्हणजे कातडी सहसा पात्यापर्यंत पोचत नाही. आल्या आल्या मी तो चालू करून मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवला. तिथली कातडी पातळ असते. तिथे चिमटा बसला असता तर परत पाठवला असता. सोबत ३ आणि ५ मिलिमीटरचे दोन कंगवे आहेत. डोकं निघतं आणि नळाखाली धुता येतं. हे फार महत्त्वाचं, कारण दात्यांत केस आणि घाम अडकून राहिला तर पुढच्या वेळी तीच घाण आपण अंगावर फिरवतो. धुतल्यावर डोकं उघडं वाळवते, ओलं असताना टोपण लावत नाही.

वापरते शनिवारी रात्री, आंघोळीआधी, कोरड्या अंगावर. रविवारी सुट्टी असते, म्हणजे दुसऱ्या दिवशी स्कूटर नाही, घाम नाही. बाथरूममध्ये एक पाय स्टुलावर ठेवायचा, डाव्या हाताने कातडी ताणून धरायची आणि ३ मिलिमीटरचा कंगवा लावून केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने हलकेच न्यायचा. दाबायचं नाही. एका जागेवरून दोनदा गेलं की पुरे. फक्त बाहेरचा भाग. आतल्या नाजूक घडीत मी पातं नेतच नाही. नंतर कोमट पाणी, टॉवेलने टिपून घ्यायचं, रात्रभर सैल सुती गाऊन. तुरटी नाही, अँटिसेप्टिक नाही, सुगंधी पावडर नाही.

इथे एक स्पष्ट सांगते. ज्यांना तळहातासारखी गुळगुळीत कातडी हवी आहे, त्यांचं समाधान हा ट्रिमर करणार नाही. खुंट राहतात. पण माझा फायदा त्या खुंटांतच आहे. तिथले केस कुरळे असतात. रेझर त्यांना कातडीलगत तिरके कापतो, टोक धारदार होतं, आणि वाढताना ते वळून पुन्हा कातडीत शिरतं. त्याचीच पुळी होते. तीन मिलिमीटर केस बाहेर असला की तो आत वळायची शक्यता बरीच कमी होते. आठ महिन्यांत मला एकही केसतोड झालेलं नाही. आधी दर महिन्याला चार-दोन पुळ्या ठरलेल्या असायच्या.

तक्रारीही आहेत. कंगवा चौथ्या महिन्यापासून सैल झाला. एकदा निसटला आणि कंगव्याशिवायच्या पात्याने जांघेला चिमटा घेतला. थेंबभर रक्त आलं. तेव्हापासून लावल्यावर बोटाने ओढून बघते. चार्जिंगची पिन जुन्या पद्धतीची आहे, मोबाईलची वायर चालत नाही. समोरचा दिवा काही कामाचा नाही.

याआधी वॅक्सही करून पाहिलं होतं, भाचीच्या लग्नात, एका पार्लरमध्ये. तिथे एकच लाकडी पट्टी वॅक्सच्या डब्यात पुन्हा पुन्हा बुडवत होत्या, आधीच्या बाईसाठीही तीच. मी काही बोलले नाही, याचं आजही वाईट वाटतं. वॅक्स करणारच असाल तर दर वेळी नवी पट्टी मागा, आणि मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर अजिबात करू नका, कातडी सोलून निघते. केस काढायचं क्रीम वापरणाऱ्यांनी डब्यातला कागद वाचावा. बऱ्याच क्रीमवर गुप्तांगाजवळ लावू नका असं छापलेलं असतं.

सगळ्यात जास्त काळजी मला मलमाच्या ट्यूबची वाटते. रेझरनंतर खाज सुटते, बाईला गजकर्ण वाटतं, लाजेने डॉक्टरकडे जात नाही आणि मेडिकलमधून कुणाला तरी सांगून ट्यूब आणवते. अशा कित्येक ट्यूबांत स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग कातडी पातळ होते आणि खरंच गजकर्ण असेल तर ते पसरतं. जांघेतली लाली पसरत असेल, पू किंवा ताप असेल, डायबिटीस असेल, तर घरी दाबू-फोडू नका, दाखवा. डॉक्टरांना यात काही नवीन नसतं. आम्ही रोज बघतो.

आणि केस काढलेच पाहिजेत असंही नाही. ते अस्वच्छ नसतात, घासण्यापासून कातडीला वाचवतात. मला उन्हाळ्यात आखूड बरे वाटतात, म्हणून मी कापते. थंडीत दोन महिने ट्रिमरला हातही लावला नाही.

पाचपैकी चार तारे. एक तारा कंगव्यासाठी कापला.

जाऊबाईंनी परवा बघितला आणि म्हणाल्या, "एकदा दे गं, वापरून बघते." मी म्हटलं, "जाऊबाई, टूथब्रश देईन का मी तुम्हाला माझा? हा पण तसाच." मिस्टरांचा दाढीचा ट्रिमरही चालणार नाही, हे जाऊबाईंना सांगितलं. त्यांच्यासाठी दुसरा मागवलाय. गुरुवारी येईल, पहिल्यांदा कसा धरायचा ते मी त्यांना मनगटावर दाखवणार आहे.