वाघ्या घेवडा आणि ते लाल बदामवालं पाकीट, दोन्ही खाऊन लिहितोय

मार्चमधे ऑफिसच्या चेकअपला बीपी निघालं १४८/९४. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, वर म्हणाले मीठ कमी करा, चालायला लागा आणि आठवड्यातून चार-पाचदा तरी कडधान्य पोटात जाऊ दे. मग मी शहाण्याने घरी येऊन काय केलं, तर फोन काढून रेडी टू ईट राजम्याचा सहा पाकिटांचा कॉम्बो मागवला, ७२० रुपये. समोर भला मोठा लाल बदाम, म्हणजे हृदयाचं चिन्ह, खाली 'प्लांट प्रोटीन' वगैरे. कंपनीचं नाव लिहीत नाही, असली पाकिटं विकणारे ढीगभर आहेत.

चव चांगली होती, खोटं कशाला बोलू. डब्यात न्यायचो, ऑफिसच्या मायक्रोवेव्हमधे दोन मिनिटं, काम झालं. चौथं पाकीट फोडताना बायकोने हातातून घेतलं आणि मागची बाजू वाचली, चष्मा कपाळावर सरकवून अगदी नाकाजवळ धरून, कारण अक्षरं मुंगीएवढी. सोडियम ३७० मिलीग्राम. मी म्हटलं बरंय की. तर ते १०० ग्रॅमला, आणि पाकीट ३०० ग्रॅमचं! म्हणजे एका जेवणात ११०० च्या वर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २००० मिलीग्रामच्या आत रहा सांगते, म्हणजे सगळं मिळून जेमतेम चमचाभर मीठ. अर्ध्याच्या वर कोटा त्या लाल बदामाने खाल्ला, आणि मी वर लोणचं घेत होतो ते वेगळंच.

सासुरवाडी साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यात, त्यामुळे पुढच्या खेपेला सासूबाईंनी वाघ्या घेवडा बांधून दिला, आणि तो संपल्यावर मी कोरेगावच्या बाजारातून सुटा दोन किलो आणला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा राजम्याचाच भाऊबंद, अंगावर लाल रेघा असतात म्हणून वाघ्या, आणि त्याला जीआय मानांकन, म्हणजे त्या भागाची खासियत म्हणून मिळणारी सरकारी ओळख, पण आहे. रात्री भिजत घातला की सकाळी टम्म फुगतो, शिजला की रेघा गायब, पण रस्सा असा दाट येतो की वाटण कमी घातलं तरी चालतं. दोन किलोत गणंग, म्हणजे शिजतच नाहीत असे दाणे, अगदी थोडे निघाले, खडे दोन. भिजवलेलं पाणी फेकून द्यायचं आणि कुकरला नीट शिट्ट्या काढायच्या, अर्धाकच्चा खाल्ला तर उलट्या-जुलाब ठरलेले. ऑफिसातला एकजण स्लो कुकरमधे मंद आचेवर राजमा लावतो, त्याला सांगितलं बाबा आधी दहा मिनिटं खळखळून उकळ तरी.

आता मुद्द्याचं, घेवड्याने बीपी उतरतं का? थोतांड नाहीये हे. कडधान्यातलं प्रोटीन पचताना त्याचे जे बारीक तुकडे होतात ते प्रयोगशाळेत एसीई नावाचं एन्झाइम अडवतात, रामिप्रिल वगैरे बीपीच्या 'प्रिल'वाल्या गोळ्या ज्याला अडवतात तेच. पण काचेच्या नळीत होतं तेवढं पोटात होत नाही, शिवाय घेवड्यात पोटॅशियम आणि फायबर पण भरपूर, त्यामुळे श्रेय नक्की कोणाला द्यायचं हा घोळच आहे. चीनमधे ३०२ जणांवर एक चाचणी झाली, २००५ साली छापून आली, त्यात रोज ४० ग्रॅम सोया प्रोटीन १२ आठवडे दिल्यावर वरचं प्रेशर सरासरी चारेक अंकांनी उतरलं. चार म्हणजे १४८ चं १४४, आणि ते सुद्धा वेगळं काढलेलं प्रोटीन देऊन. ४० ग्रॅम प्रोटीन घेवड्यातून काढायचं तर पावणेदोनशे ग्रॅमच्या वर कोरडा घेवडा रोज शिजवावा लागेल, मग आमच्या टू बीएचकेत माझ्याबरोबर कोण राहणार? मी वाटीभर खातो, हिंग सढळ हाताने.

आणखी एक फटका मला कांदा-लसूण मसाल्याने दिला. आमटीत मीठ निम्मं केलं म्हणून खूश होतो, पण मसाल्यात मीठ घालूनच कुटलेलं होतं, ते सासूबाईंनी सहज बोलता बोलता सांगितलं. आता मसाला आधी, मग चव बघून मीठ, आणि आमसूल जरा जास्त. आंबट असलं की मिठाची आठवण कमी येते.

जूनअखेर बीपी १३६/८६. पण गोळी चालूच आहे, रोज ४० मिनिटं चालतो, पापड-फरसाण बंद, त्यामुळे सगळं घेवड्याच्या नावावर टाकणार नाही. आणि किडनीचा त्रास असणाऱ्यांनी आमची पोस्ट वाचून वाट्यावर वाट्या रिचवू नका, पोटॅशियममुळे आमच्या आत्याला तिच्या डॉक्टरांनी कडधान्य मोजूनमापून दिलंय. 'प्रिल'वाल्या गोळ्यांनी पण पोटॅशियम वाढू शकतं, सो आपापल्या डॉक्टरांना विचारा.

घेवड्याला ५ पैकी साडेचार, अर्धा कापला कारण रात्री भिजत घालायचं विसरलं की दुसऱ्या दिवशी बोंब. पाकिटाला २, चव आणि सोय म्हणून. उरलेली दोन पुतण्या हॉस्टेलवर घेऊन गेला.