आर्थिक इंग्रजी शिकायचं कशावरून: शब्दांच्या यादीवरून, पेपरवरून की रिझर्व्ह बँकेच्या निवेदनावरून?

बडोद्यातल्या मराठी घरातली, गुजराती माध्यमात शिकलेली मुलं बी.कॉम. करून बँकेच्या परीक्षेला बसतात तेव्हा विषय बहुधा येत असतो, अडतं ते इंग्रजीपाशी. घरी जी महागाई, तीच वर्गात 'फुगावो' आणि मुलाखतीत 'इन्फ्लेशन'. मग दांडिया बाजार, रावपुऱ्यातले पालक विचारतात, शब्दसंग्रहाचं पुस्तक घेऊन द्यावं की इंग्रजी पेपर लावावा?

परीक्षा पंधरा दिवसांवर आली असेल तर पुस्तकच घ्या. पाठ करायला सोपं, उजळणीला सुटसुटीत. पण हातात चार-सहा महिने असतील तर मी पुस्तकावर भर देणार नाही. यादीत 'यील्ड'चा, म्हणजे रोख्यावरच्या परताव्याच्या दराचा, अर्थ मिळतो, रोख्यांची किंमत चढली की यील्ड का उतरतं ते कळत नाही. आणि मुलाखतीत विचारतात ते नेमकं हेच.

पेपरमध्ये, म्हणजे इकॉनॉमिक टाइम्स, मिंट किंवा बिझनेस स्टँडर्डमध्ये, शब्द कामाला लागलेले दिसतात. शेअर 'एज अप' (किंचित वर) झाला की 'सोअर' (एकदम उंच) झाला, यावरून वाढ किती ते कळतं. हे क्रियापदांचं भांडार दुसरीकडे मिळत नाही. अडचण एवढीच की एकाच पानावर आयपीओ, कच्चं तेल, रुपया, सोनं सगळं एकदम येतं आणि नवखा वाचक आठवड्याभरात दमतो.

माझा कल रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाकडे, म्हणजे व्याजदरांबद्दलच्या तिच्या निर्णयाकडे, आहे. सहा सदस्यांची समिती साधारण दर दोन महिन्यांनी बसते, निवेदन संकेतस्थळावर फुकट मिळतं, आणि मांडणी बरीचशी ठरलेली असल्यामुळे तेच शब्द पुन्हापुन्हा भेटतात. ६ जून २०२५ चं निवेदन घ्या. बऱ्याच मथळ्यांत 'जम्बो कट' होता. निवेदनात शांतपणे लिहिलं होतं की रेपो रेट (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ५० बेसिस पॉइंटने, म्हणजे अर्ध्या टक्काबिंदूने, कमी करून ५.५० टक्के केला. त्याच कागदात 'स्टान्स', म्हणजे पुढचा पवित्रा, मात्र 'अकोमोडेटिव्ह'वरून (दरकपातीला अनुकूल) 'न्यूट्रल' (तटस्थ) केला. दर उतरवला, पण पुढच्या कपातीला फारशी जागा उरली नाही, असा त्याचा रोख. सीआरआर (बँकांनी ठेवींचा जेवढा भाग रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवायचा ते प्रमाण) एक टक्काबिंदूने घटवायचा होता, तोही चार 'ट्रान्श'मध्ये, म्हणजे हप्त्याहप्त्याने. एवढे शब्द एका घटनेत गुंफलेले असले की वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

मात्र 'हॉकिश' (दर चढे ठेवण्याकडे कल), 'डव्हिश' (दर उतरवण्याकडे कल) हे शब्द निवेदनात शोधू नका, ते विश्लेषकांच्या तोंडचे. त्यासाठी दुसऱ्या दिवशीचा पेपर हवाच. गव्हर्नरांचं भाषण यूट्यूबवर असतं आणि त्याचा मजकूरही मिळतो. समोर धरून ऐकलं की उच्चार आपोआप सुधारतात. 'डेट' (debt, कर्ज) मधला 'बी' उच्चारत नाहीत हे मुलाखतीआधी कळलेलं बरं.

ज्यांना बँकेत नाही, कंपनीच्या अकाउंट्समध्ये जायचंय त्यांनी पतधोरणापेक्षा तिमाही निकाल वाचावेत. १९०८ मध्ये सयाजीराव महाराजांनी इथेच स्थापन केलेल्या बँक ऑफ बडोदाचे निकाल चांगले: 'नेट इंटरेस्ट मार्जिन' (व्याजातून सुटणारा नफ्याचा वाटा), 'प्रोव्हिजन' (बुडीत कर्जासाठीची तरतूद), 'स्लिपेज' (नव्याने थकीत झालेली कर्जं) एकाच जागी सापडतात. इंग्रजी वाचनच कच्चं असेल तर आधी तीच बातमी मराठीत किंवा गुजरातीत वाचा. त्यात कमीपणा अजिबात नाही.

दोन ठिकाणी मुलं हमखास घसरतात. 'इन्फ्लेशन फेल' (fell) म्हणजे भाव उतरले असं नाही, भाव वाढण्याचा वेग मंदावला. आणि रेपो रेटची ६ टक्क्यांवरून ५.५० ही अर्ध्या टक्क्याची घट नाही, अर्ध्या टक्काबिंदूची आहे. टक्केवारीत मोजली तर आठ टक्क्यांहून थोडी जास्त.

सुरुवात करायला पुढच्या पतधोरणाची वाट पाहू नका. किरकोळ महागाईचे आकडे दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास येतात. सरकारी प्रसिद्धिपत्रकाचा पहिला परिच्छेद आणि त्यावरची एक इंग्रजी बातमी शेजारी ठेवून वाचा, आणि दोन्हींत सारखे आलेले शब्द वहीत उतरवा.