भरपाई मागायची की करारच पाळायला लावायचा?

जमिनीचा विसार घेऊन मालक आता खरेदीखत करून द्यायला तयार नाही. ‘पैसे मागू की जमीनच?’ असं मित्रानं विचारलं.

पुराव्याच्या दृष्टीनं भरपाई जड जाते. तोटा आकड्यांत दाखवावा लागतो, तोही करार करताना दोघांना अंदाज होता तेवढाच. १८५४च्या हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल या इंग्लंडमधल्या खटल्यात वाहतूकदारानं गिरणीचा मोडका दांडा पोचवायला उशीर केला, गिरणी बंद राहिली. पण त्या दांड्यावाचून गिरणी ठप्प आहे हे त्याला माहीत असल्याचं कोर्टाला पटलं नाही. बुडालेला नफा पदरात पडला नाही. शिवाय टाळता येण्याजोगा तोटा हातावर हात ठेवून वाढू दिला, तर तोही कापला जातो.

करार पाळून घ्यायचा तर हा हिशेब फारसा लागत नाही. मात्र आपली बाजू पुरी करायची तयारी दिसली पाहिजे. उरलेल्या पैशांची सोय नसेल तर या वाटेला जाऊच नका.

चपला दोन्हीकडे झिजतातच.

सिमेंट, धान्य दुसरीकडे मिळतं, तिथे पैसे घ्या. गायकानं कार्यक्रम नाकारला तरी पैसेच. कोर्ट कुणाला जबरदस्तीनं गायला लावत नाही. मित्रानं मात्र जमीनच मागावी.