अलॉय व्हील घरी रंगवून अकरा महिने: कुठे टिकलं, कुठे सुटलं

गाडी १५० सीसी, दोन्ही अलॉय १७ इंची, पुढे डिस्क, मागे ड्रम. डिसेंबरात दोन्ही चाकं स्प्रे कॅनने गनमेटल ग्रे केली. प्रायमर तोच, रंग तोच. मालात फरक फक्त वरच्या क्लिअरचा, म्हणजे रंगावर मारायच्या पारदर्शक थराचा. मागच्या चाकाला हार्डनरवालं टू-के क्लिअर, पुढच्याला साधं ॲक्रिलिक क्लिअर. तेव्हापासून गाडी साधारण साडेआठ हजार किलोमीटर चालली. त्यात पुण्यातला रोजचा ट्रॅफिक, एक अख्खा पावसाळा आणि ताम्हिणीतून कोकणात दोन फेऱ्या आल्या. आता दोन्ही चाकं शेजारी ठेवली तर एकाच दिवशी रंगवलीत असं वाटत नाही.

मागच्या चाकावर चेनच्या बाजूला सगळ्यात जास्त मारा असतो. चेन ल्यूबचे काळे शिंतोडे, त्यात चिकटलेली धूळ, आणि ती काढायला दर पंधरा दिवसांनी रॉकेलचं फडकं. इतकं होऊनही टू-के क्लिअरची चमक कायम आहे. दोन टवके उडालेत, दोन्ही रिमच्या कडेला. पुढच्या चाकाला चेनचा त्रासच नाही, तरी त्याची झळाळी गेली आहे. डिस्कच्या बाजूला ब्रेक पॅडचा काळा बुरा क्लिअरमध्ये रुतून बसलाय, शाम्पूने निघत नाही. आणि एका आऱ्यावर नाण्याएवढा डाग आहे: ब्रेक ऑइल बदलताना एक थेंब पडला, पाचेक मिनिटांत रंगाला सुरकुत्या पडल्या आणि पुसायला गेल्यावर प्रायमरपर्यंतचा पापुद्रा फडक्यावर आला. डॉट ३ आणि डॉट ४ ब्रेक ऑइल रंग काढायच्या औषधासारखंच काम करतं. टू-के क्लिअर त्यापुढे जरा जास्त तग धरतं, पण तिथेही थेंब पडला की लगेच भरपूर पाण्याने धुवायचं. साध्या क्लिअरला पेट्रोलसुद्धा चालत नाही.

त्यामुळे पैसे वाचवायचे तर रंगात वाचवा, क्लिअरमध्ये नको. टू-के कॅन साध्याच्या तीन-चार पट महाग पडतो, पण दोन चाकांना एकच पुरतो. एकूण माल असा लागला: प्रायमर ४०० मिलीचा एक कॅन, रंगाचे दोन (दुसऱ्यातला पाव शिल्लक राहिला), आणि क्लिअर प्रत्येक चाकाला एकेक. टू-केच्या कॅनमध्ये मात्र अर्ध्याच्या आसपास उरलं आणि ते वाया गेलं. बुडाची पिन दाबून हार्डनर आत सोडला की एक-दोन दिवसांत कॅन आतल्या आत घट्ट होतो. दोन्ही चाकांची तयारी एकत्र ठेवूनच ती पिन दाबावी.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. कापडी मास्क किंवा एन-९५ त्याची वाफ अडवत नाही. ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजवाला मास्क, चष्मा, नायट्राइल हातमोजे आणि मोकळी हवा, यातलं एकही कमी असेल तर टू-केच्या वाटेला जाऊ नका. दम्याचा त्रास असणाऱ्याने हे काम दुसऱ्याला द्यावं. बंद जिना किंवा पार्किंगचा कोपरा ही यासाठीची जागा नाही.

आता तयारी, कारण जिथे रंग सुटला तिथे दोष कॅनचा नव्हता. मागच्या चाकाच्या व्हॉल्व्हच्या भोकाजवळ पावसाळ्यानंतर रंगाखाली गांडुळासारख्या बारीक रेघा उठल्या. नखाने उचकटल्यावर आत पांढरी भुकटी निघाली. हा ॲल्युमिनियमचा गंज. मूळ रंगाचा टवका उडतो, तिथून ओल आत शिरते आणि रंगाच्या थराखालून सरकत जाते. वरून डाग दिसतो शेंगदाण्याएवढा, पण घासायला घेतला की खरी व्याप्ती दोन-तीन पट निघते. म्हणून टवक्याभोवती रंग घट्ट लागेपर्यंत, म्हणजे कडेत नख अडकणार नाही इतकं, १८० नंबरच्या पेपरने घासत जायचं. व्हॉल्व्हच्या भोकाच्या कडेला पेपर नीट पोचत नाही आणि घाई तिथेच होते. पेन्सिलीला पेपर गुंडाळून ती जागा साफ करायची.

लोखंडी तारेचा ब्रश ड्रिलला लावून ॲल्युमिनियम घासू नये; लोखंडाचे कण त्यात रुततात आणि नंतर तिथे तांबूस ठिपके उठतात. नायलॉनचा घासणी पॅड वापरावा. मूळ रंग काढायला कॉस्टिक सोडा तर कधीच नाही, तो ॲल्युमिनियमच खातो. खरं तर मूळ रंग पूर्ण काढायची गरजही नसते. घट्ट बसलेला कंपनीचा थर हा उत्तम पाया आहे, त्याची चमक ४०० च्या वॉटर पेपरने मारली की बस्स. एका कोपऱ्यात थिनरचं फडकं मिनिटभर दाबून बघा. थर मऊ पडला तर त्यावर मारलेल्या नव्या रंगाला सुरकुत्या येणार, मग तेवढा भाग काढणं आलंच.

तेल काढायचा क्रम: आधी रॉकेलने चेन ल्यूब, मग भांड्यांच्या लिक्विडने दोनदा धुणं, सुकवणं, आणि शेवटी थिनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल. रॉकेल स्वतःच तेलकट पापुद्रा मागे ठेवतं, तिथे थांबून चालत नाही. पुसताना दोन फडकी घ्या, एक ओलं आणि त्याच्या मागोमाग एक कोरडं. एकाच फडक्याने तेल निघत नाही, नुसतं पसरतं. टायर पॉलिशमधलं सिलिकॉन सगळ्यात वाईट. त्याचा अंश राहिला की ओला रंग तिथून मागे सरतो आणि गोल खळगे पडतात. असे खळगे पडले तर वरून अजून रंग मारून ते भरत नाहीत. सुकू द्या, घासा, पुन्हा पुसा. वर सांगितलेलं १८० आणि ४०० चं घासणंही तेल काढल्यानंतरच करायचं, नाहीतर पेपरने तेच तेल ओरखड्यांत भरतं.

टायर काढलेलाच बरा. टायर न काढता करायचं तर हवा पूर्ण सोडून रिम आणि टायरच्या फटीत जुन्या लग्नपत्रिकांचे जाड तुकडे एकावर एक चढवत खोचायचे. मास्किंग टेपपेक्षा हे झटपट होतं आणि कडही स्वच्छ येते. पण रिमची कड पत्रिकेखाली झाकलेली राहते, आणि गंज बहुतेक तिथूनच सुरू होतो. टायर काढलात तर बीड (टायरची रिमला धरणारी कड) बसते ती आतली पट्टी झाका. ट्यूबलेसची हवा तिथेच धरली जाते. तिथला रंग सुटला की चाक रोज थोडं थोडं बसतं.

झाकायच्या बाकीच्या जागा: बेअरिंग आणि ऑइल सील, डिस्क टेकते ती घासून सपाट केलेली जागा, ड्रमचा आतला भाग, आणि स्प्रॉकेटमागच्या रबरांचे खण. डिस्कच्या जागी रंग राहिला तर डिस्क किंचित तिरकी बसते, लिव्हर थरथरतो, आणि रंग दबला की बोल्टचा आवळही ढिला होतो. डिस्कचे ॲलन बोल्ट कंपनीतून लॉकटाइट (बोल्ट ढिला न होऊ देणारा गोंद) लावून येतात. जोर करून चावी फिरवली की डोकं गोल होतं. आधी हीट गनने गरम करा, चावी हातोडीने ठोकून खोल बसवा, मग फिरवा. परत लावताना मध्यम ताकदीचं निळं लॉकटाइट, आणि बोल्ट समोरासमोरचे आवळत जायचे.

घासून झाल्यावर चाक उन्हात फिरवून बघा. आरा जिथे हबला मिळतो तिथे केसासारखी रेघ दिसली तर काम थांबवा. तडा गेलेलं अलॉय रंगवणं म्हणजे तडा लपवणं.

उघड्या ॲल्युमिनियमवर एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित कोरून धरणारा प्रायमर, मारायचा. हार्डवेअरच्या दुकानात हमखास पुढे केला जाणारा लाल रेड ऑक्साइड लोखंडासाठी आहे, इथे तो धरत नाही. प्रायमरचे दोन पातळ हात, सुकल्यावर ६०० चा पेपर. रंगाचे तीन हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. कॅन गोळीचा आवाज सुरू झाल्यापासून दोन मिनिटं हलवायचा, अंतर एक वीत, आणि बटण आऱ्याच्या बाहेर दाबून बाहेरच सोडायचं. चाक दोन स्टुलांच्या मधे एक्सलवर टांगलं तर फिरवत राहता येतं. आधी आऱ्यांची पाठ आणि कोपरे, दर्शनी भाग शेवटी. उलट केलं की कोपऱ्यात मारताना दर्शनी भागावर जादा रंग बसतो आणि ओघळ येतात.

मागच्या चाकाचे ते दोन टवके कडेलाच का उडाले, याचंही कारण आहे. धारदार कडेवरून ओला रंग दोन्ही बाजूंना ओढला जातो आणि कडेवर थर सगळ्यात पातळ राहतो. ३२० च्या पेपरने कड किंचित गोल करावी आणि प्रत्येक हाताच्या आधी नुसत्या कडेवर एक हलका फवारा मारावा. पुढच्या चाकाला हे केलं होतं, मागच्याला राहून गेलं. पुढच्या चाकाच्या कडेला, क्लिअर साधं असूनही, एकही टवका नाही.

मोसम पाहूनच हे काम काढा. पावसाळी हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली ओल धरते आणि क्लिअर दुधाळ होतं. एप्रिल-मेच्या दुपारी याच्या उलट, रंग हवेतच सुकून खरखरीत बसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दव सुकल्यावर अकरा ते तीन, ही वेळ उत्तम.

चाक २४ तासांनी हाताळता येतं, पण टायर चढवायला निदान आठवडा थांबा. पंक्चरवाल्याच्या लोखंडी पट्ट्यांखाली ट्यूबचे तुकडे ठेवायला आठवणीने सांगा. पहिले तीन आठवडे प्रेशर वॉशर लांब ठेवा, नंतरही नोझल टवक्याच्या कडेवर धरू नका, पापुद्रा तिथूनच उचलला जातो. कोकणातली लाल माती त्याच दिवशी धुवावी. ग्लॉसवरून ती सुटते; मॅट रंगात बसली की चाक कायमचं तांबूस दिसतं, आणि मॅटला पॉलिशही करता येत नाही. चाकांसाठी मॅट घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पावडर कोटिंग याहून टिकाऊ असतं, हे खरं. पण त्याला चाक १८० ते २०० अंशांच्या भट्टीत जातं, म्हणजे बेअरिंग, सील, रबरं सगळं काढणं आलं, आणि ओतीव ॲल्युमिनियममधली अडकलेली हवा गरम होऊन थरात बारीक फुगे येऊ शकतात. चाकं आधी नुसती तापवून घेणारा कारागीर मिळाला तरच तिकडे जावं.

या थंडीत पुढच्या चाकावरही टू-के चढवायचं आहे. मात्र जुन्या साध्या क्लिअरवर टू-के थेट मारलं तर त्यातल्या थिनरने खालचा थर उचलला जाऊ शकतो. म्हणून आधी हबच्या मागे, नजरेआड, दोन बोटं रुंद जागा ६०० ने घासून एक हात मारून बघायचा. पण टू-केची पिन एकदा दाबली की मागे फिरता येत नाही, तेव्हा ही चाचणी सकाळी, आणि ती पास झाली तर बाकीचं चाक त्याच दुपारी. चाचणीआधीच चाक पूर्ण घासून, पुसून, झाकून एक्सलवर टांगलेलं हवं.